दक्खनचा डाव आणि नऊ सुपाऱ्या

इतिहास शिकवणं ही काही अवघड गोष्ट नाही. ती अवघड करून ठेवलीय ती इतिहासाच्या मास्तरांनी. मी स्वतः इतिहासाचा मास्तर आहे, म्हणजे होतो, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे. 'होतो' का, ते पुढे येईलच.

मी असा एक खेळ काढला होता की पोरांनी खेळता खेळता सगळी दक्खन तोंडपाठ केली असती, आणि आपण पाठ करतोय हे त्यांना कळलंही नसतं! खेळाचं नाव 'दक्खनचा डाव'. दोन वर्षांत हा खेळ औरंगाबादपासून गुलबर्ग्यापर्यंत सगळ्या शाळांत जाणार, आणि इतिहासाची पाठ्यपुस्तकं शेंगदाणे बांधायला वाण्याकडे जाणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका इतरांच्या मनात होती. पण मोठ्या कामात असे लोक असायचेच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गोष्ट सत्तावन्न सालच्या जानेवारीतली. आदल्या नोव्हेंबरात आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी मुलूख म्हैसूरकडे गेला, आणि आम्ही जामबागेत जिथल्या तिथे बसून आंध्र प्रदेशात आलो. घरातून न हलता परमुलखात जाणारी माणसं जगात फार नसतील! पण कचेऱ्या हलल्या. कचेऱ्यांबरोबर कारकून हलले, कारकुनांबरोबर त्यांची पोरं हलली, आणि दिवाळीनंतर आमची मराठी शाळा उघडली तेव्हा वर्गात मागचे बाक रिकामे! मागचे बाक रिकामे होणं मास्तराला एरवी सुखाचंच असतं. पण या वेळी पुढचेही होते.

आमचे हेडमास्तर एकनाथराव. माणूस देवासारखा. खोड एकच, 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नाही. साहेबांपुढे नाही, पालकांपुढे नाही, बायकोपुढे तर नाहीच नाही. त्यांनी मला आणि सूर्यभान सरांना एके दिवशी खोलीत बोलावलं. सूर्यभान सर आमचे चित्रकलेचे मास्तर. उंच, शांत, खडूनं फळ्यावर हातानं वर्तुळ काढतील तर कंपासनं लाजावं.

एकनाथराव टेबलाकडे बघत म्हणाले, "इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत. मुलं कमी झालीत. इतिहास आणि चित्रकला, दोन्हीला वेगळा मास्तर महाग पडतो म्हणतात. एक पोस्ट जाईल."

"कुठली?" आम्ही दोघं एकदम.

"ते साहेब तुमचे तास बघून ठरवतील."

"म्हणजे दोघांपैकी एक घरी जाणार?" मी विचारलं.

एकनाथराव 'नाही' म्हणू शकत नव्हते. "हो," ते म्हणाले.

आता माझं घर म्हणजे काय, ते सांगायला हवं. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे दोन खोल्या, आणि त्यात माझी बायको जयवंता. पण नोकरी गेली की तेही गेलं. मग थेट नांदेडकडचं आमचं गाव आणि थोरले बंधू हिम्मतराव. दादानं निरोप आधीच धाडला होता, "मास्तरकी सुटली तर खुशाल ये. दोन बैल आहेत, औत एक तू धर."

मी शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो हे खरं. पण बैलाचं आणि माझं लहानपणापासून जमलेलं नाही. मी जुंपायला गेलो की बैल आधी माझ्याकडे बघायचा, मग दादाकडे बघायचा, आणि खाली बसायचा. एकदा बसला की मी तिथून जाईपर्यंत उठायचा नाही. मला रात्री स्वप्नात बैल दिसू लागले, आणि स्वप्नातले बैलही बसलेलेच!

जयवंता म्हणाली, "हे बघा, बैलानं तुम्हाला लाथ मारली तर मला हसू येणार. आधीच सांगते. त्यापेक्षा नोकरी सांभाळा."

म्हणून मी दक्खनचा डाव काढला.

खेळ साधा होता. मध्ये दक्खनचा नकाशा. त्यावर नऊ राज्यं, सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव, काकतीय, बहमनी, निजामशाही आणि कुतुबशाही. नऊ पोरं नऊ राजे. कवड्या टाकायच्या, पडेल त्या दानाचा प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर शेजारच्या राज्यावर चाल करायची, चुकलं तर आपला एक किल्ला द्यायचा. जो देवगिरी घेईल तो जिंकला.

"पण अंबाजीराव, सातवाहन आणि कुतुबशाही एका वेळी कसे?" एकनाथरावांनी विचारलं.

"सर, आपल्या नववीत तीन वर्षं मुक्काम केलेले आणि यंदा आलेले एकाच बाकावर बसत नाहीत का?"

"हो, बसतात," एकनाथराव म्हणाले. झाली मंजुरी!

आता सामान. शाळेचं टेबल डगमगणारं, त्यावर बहमनी घसरून समुद्रात जायचे. म्हणून मी घरातला चौरंग काढला. नकाशा कागदावर काढला तर गुंडाळला जातो, म्हणून कापड हवं. जयवंताकडे लाल खण होता. राज्यं वेगवेगळी दिसायला हवीत, म्हणून तांदूळ रंगवले, काही हळदीत, काही कुंकवात, काही पांढरेच ठेवले. एकेका राज्याला तांदळाची एकेक रास. राशीवर राजा हवा. राजा वाटोळा, टणक, सहज उचलता येईल असा हवा. सुपारी! किल्ल्यांना हळकुंडं घेतली, बंदरांना बदाम. देवगिरी मात्र सगळ्यांत उंच दिसायला हवी, म्हणून मध्ये तांब्याचा तांब्या ठेवला. तांब्या नुसताच भुंडा दिसत होता, किल्ल्याला माथा हवा, म्हणून त्यावर नारळ. आणि देवगिरीच्या पायथ्याला झाडी आहे हे मी स्वतः पाहिलेलं, तेव्हा नारळाखाली आंब्याची पाच पानं.

हे वाचून तुम्हाला जे दिसतंय ते मला दिसलं नाही. मला दक्खन दिसत होती.

जयवंता पानं धुऊन देताना म्हणाली, "कसली पूजा आहे म्हणे?"

"इतिहासाची," मी ऐटीत म्हणालो.

"मग सुटे पैसेही ठेवा वर. रिकामी मांडणी बरी दिसत नाही."

मी ठेवले. खजिना म्हणून.

नकाशा काढायला मी सूर्यभान सरांकडे गेलो. जाताना वाटेतून दोनदा परत फिरलो, खोटं कशाला बोलू? माझा खेळ रंगला तर त्यांची पोस्ट जाणार, आणि त्या खेळाचा नकाशा त्यांनीच काढायचा! तोंड वर करून मागायची गोष्ट नव्हती. पण मला सरळ रेघ येत नाही. माझी गोदावरी पूर्वेला जायची सोडून वर हिमालयाकडे निघते.

सूर्यभान सरांनी खण घेतला, पसरला, खडूनं गोदावरी काढली, कृष्णा काढली. मान वर न करता म्हणाले, "अंबाजीराव, तुमची राहिली तर माझी जाते. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. आणि खणाची सुरकुती ओढून सरळ करू लागलो.

"आणि नकाशा वाईट निघाला तर दोघांचीही जाईल. त्यापेक्षा चांगलाच काढतो." एवढं बोलून त्यांनी तुंगभद्रा काढायला घेतली.

चौरंगावर सगळं मांडून झालं तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले, डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाले, "नकाशा ठीक आहे. पण हे जरा पूजेसारखं दिसतंय, बरं का."

सूर्यभान सर दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले. मी हसून म्हटलं, "सर, तुम्ही पूजा सोडलीत, म्हणून आता तुम्हाला सगळीकडे पूजाच दिसते!"

"सोडलीय म्हणूनच बाहेरून नीट दिसते," ते म्हणाले.

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत.

इन्स्पेक्शनचा दिवस उजाडला. साहेब अकराला येणार. मी नऊलाच नववीच्या वर्गात मध्यभागी चौरंग मांडला, नऊ राजे गादीवर बसवले, कवड्या शेजारी ठेवल्या. तेवढ्यात एकनाथराव धावत आले. "अंबाजीराव, साहेबांना चहाबरोबर बिस्किटं हवीत! आबिड्सला जाऊन ताजी घेऊन या. शिपाई कुठे गेला कोण जाणे."

"त्याला तुम्हीच सुट्टी दिलीत."

"हो, दिली," एकनाथराव म्हणाले.

मी सायकल हाणत आबिड्सला गेलो, बिस्किटं घेतली, सायकल हाणत आलो. शाळेच्या दारातच उदबत्तीचा वास आला. मला वाटलं, शेजारी कुणाकडे काहीतरी असेल. वर्गाच्या दारात आलो तर दारात चपलांचा ढीग! आत गल्लीतल्या बायका, त्यांची कडेवरची पोरं, बोटाशी धरलेली पोरं, समई, फुलं, आणि मधोमध माझी दक्खन! सातवाहनांवर झेंडूचं फूल. बहमनी सुलतानाच्या कपाळी हळदकुंकू. देवगिरीच्या गळ्यात हार!

चौरंगाशी इंदुताई बसल्या होत्या. इंदुताई म्हणजे एकनाथरावांच्या सौभाग्यवती, शाळेमागेच राहायच्या. राज्याचे तुकडे झाल्यापासून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या, "शाळेला दृष्ट लागलीय, एक सत्यनारायण घाला." आणि एकनाथराव रोज म्हणत होते, "हो, घालू." सकाळी त्या डोकावल्या, तर चौरंग, लाल खण, तांदळाच्या राशी, कलश, आणि नऊ सुपाऱ्या! नऊ म्हणजे नवग्रह. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानं अखेर ऐकलं होतं! त्यांनी धावत जाऊन रवा भाजायला घेतला आणि गल्लीत आवतण धाडलं.

"इंदुताई, अहो, हे काय केलंत!"

"मांडणी फार सुरेख केलीत हो, अंबाजीराव! फक्त हळदकुंकू वाहायचं राहिलं होतं. मी वाहिलं, अक्षता टाकल्या. भटजी चारला मोकळे होतील म्हणे. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"अहो, पण हे देव नाहीत! हा बहमनी सुलतान आहे!"

इंदुताईंनी सुपारीकडे बघितलं. "असेल. आता तो मंगळ आहे."

"ही कुतुबशाही..."

"हा शनी. त्याच्या वाटेला तर जाऊच नका!"

"इंदुताई, हा खेळ आहे. पोरांनी हे हलवायचंय!"

सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. कुसुमताई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "अगं बाई! अक्षता पडलेला देव हलवायचा? अन् तोही उत्तरपूजेआधी?"

मी तुम्हाला विचारतो, ज्या खेळात सोंगटी हलवता येत नाही त्याला खेळ म्हणायचं का? पण तेव्हा विचारायला वेळ नव्हता. अकराला दहा मिनिटं होती.

"पुरुषमाणूस कुणीतरी हवंच बसायला," इंदुताई म्हणाल्या. "यांना साहेबांचं बघायचंय. तुम्ही बसा. कोट काढा. कातडी पट्टा काढा." मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या खांद्यावर उपरणं आलं, कपाळाला ठसठशीत गंध लागलं, आणि मी पाटावर बसलेला होतो. हातात बिस्किटांचा पुडा होता, तोही कुणीतरी काढून नैवेद्यात ठेवला.

आणि व्हरांड्यात बुटांचा आवाज आला.

इन्स्पेक्टर मुर्तुजा साहेब जुन्या हैदराबादचे माणूस. पांढरी शेरवानी, पांढरी दाढी, आवाजात साखर. पूर्वी परभणीला होते, त्यामुळे मराठी त्यांना कामापुरती समजायची. दारात चपला बघून त्यांनी बूट काढले. आत समई बघून दोन पावलं मागे सरले.

"अरे, पूजा चल रही है! माफ करना, हम बेवक्त आ गए."

मी पाटावरून अर्धा उठून ओरडलो, "नक्को साब, आइए आइए! ये पूजा नहीं है!"

"नहीं महाराज, आप बैठिए. बीच में उठते नहीं. हम यहीं व्हरांडे में बैठते, खिड़की से सब दिखता."

"साब, ये सब राजे हैं! दक्खन के राजे!"

"हौ महाराज, राजे क्या और रय्यत क्या, सब उसी के बनाए हुए." त्यांनी आभाळाकडे बोट केलं आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले.

मास्तरकीत माझी इतकी वर्षं गेली, पण मास्तराला महाराज म्हणणारा साहेब पहिल्यांदा बघितला. हैदराबादची तहजीब ती हीच, असं वाटून त्या गडबडीतही मला बरं वाटलं.

मी धीर करून नववीची नऊ पोरं चौरंगाभोवती बोलावली. "पद्मावती, तू काकतीय. टाक कवड्या!"

पद्मावती वर्गातली हुशार पोर. तिनं कवड्या टाकल्या, पाच पडल्या. मी प्रश्न विचारला, "वारंगळचा किल्ला कुणाचा?" "काकतीयांचा!" "शाबास! आता तुझा राजा यादवांवर ने."

तिनं हात पुढे केला. समोर इंदुताई. हात मागे घेतला. "सर, पाप लागेल."

"काही लागत नाही. सुपारी आहे ती!"

"मग तुम्हीच न्या ना सर."

मी हात पुढे केला. खरं सांगतो, हात गेला नाही. लहानपणापासून आईनं त्याच हातावर चापट्या मारल्यात, मांडलेल्या पूजेला शिवला म्हणून. चाळीस जण बघत होते. मी तोच हात नाकाला लावून खाजवला.

तेव्हा मला युक्ती सुचली. राजे हलत नाहीत ना? मग पोरांनी हलायचं! "चला, तुम्हीच राजे! देवगिरीभोवती फिरा. ज्याचं उत्तर बरोबर तो एक राज्य पुढे."

पोरं चौरंगाभोवती फिरू लागली. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली, आणि मला जाणवलं की रांग लांबत चाललीय. मागे वळून बघतो तर पोरांच्या मागे कुसुमताई हात जोडून, त्यांच्या मागे बाकीच्या बायका, आणि कडेवरची पोरंसुद्धा! सगळ्यांची प्रदक्षिणा अगदी शिस्तीत चालली होती. खिडकीबाहेर मुर्तुजा साहेबही उठून उभे राहिले. अदबीनं!

"थांबा! बसा सगळे!" मी ओरडलो. सगळे बसले, मांडी घालून, हात जोडून. बायकांनी पोरांच्या पाठीत धपाटे घालून त्यांनाही हात जोडायला लावले.

आता नुसतं बोलणंच हातात होतं. निदान साहेबांच्या कानावर तरी इतिहास पडावा! मी देवगिरीच्या यादवांची गोष्ट सुरू केली. राजा किती श्रीमंत होता, खजिना किती भरला होता, सैन्य दूर गेलेलं असताना उत्तरेतून फौज कशी आली. किल्ल्यात धान्याची पोती म्हणून मिठाची पोती भरलेली निघाली, असंही सांगतात, तेही सांगितलं. इतका सुंदर तास मी आयुष्यात घेतला नाही! बायका हळहळत होत्या. कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला. राजा हरला, दौलत गेली, आणि मी दम घ्यायला थांबलो. त्याच वेळी इंदुताईंनी घंटा वाजवली आणि म्हणाल्या, "पहिला अध्याय संपला! बोला, सत्यनारायण महाराज की जय!"

"जय!" चाळीस गळे.

खिडकीतून साहेबांचा आवाज आला, "बहुत खूब, महाराज!"

बस! मला डोळ्यांपुढे बैल दिसला. बसलेला. मी पाटावर तसाच बसून राहिलो, आता दादाला निरोप धाडायचा, जयवंताला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात. माझे डोळे भरून आले, आणि बायकांना वाटलं, काय भक्ती!

तेव्हा दारातून सूर्यभान सर आत आले. हातात वर्गातली लांब छडी. चौरंगाजवळ येऊन पोरांना म्हणाले, "चला रे, डाव पुढे चालवू. तुम्ही कवड्या टाका, उत्तर द्या, राजा मी हलवतो."

"अहो सूर्यभान सर!" इंदुताई किंचाळल्या.

"ताई, माझं तुम्हाला ठाऊक आहे. मी हे मानत नाही, त्यामुळे मला दोष नाही. आणि हलवणार मी, त्यामुळे तुम्हालाही नाही."

इंदुताई विचारात पडल्या. कुसुमताईंकडे बघितलं. कुसुमताई म्हणाल्या, "बरोबर बोलतोय की तो. आपण कुठं हात लावतोय?"

ज्या माणसाची पोस्ट माझ्या डावानं जायची होती, तोच माझा डाव खेळवायला उभा राहिला. मला भरून आलं, पण आता रडलो तर पुन्हा भक्ती ठरली असती, म्हणून आवरलं.

आणि काय सांगू, डाव रंगला! पोरं कवड्या टाकत होती, सूर्यभान सर खणखणीत आवाजात प्रश्न विचारत होते, छडीनं हळूच सुपाऱ्या सरकवत होते. चालुक्यांनी वाकाटक घेतले. काकतीयांनी निजामशाही घेतली. बायका आधी डोळे मिटून, मग एक डोळा उघडून, मग दोन्ही उघडून बघू लागल्या. कुसुमताई यादवांच्या बाजूनं बोलायला लागल्या, "हाण रे! घे तो किल्ला!"

अडचण एकाच ठिकाणी आली. कुतुबशाहीवर चाल करायला कुणी तयार होईना. कारण ती सुपारी शनी होती.

"गोवळकोंड्यावर जातेस?" सूर्यभान सरांनी पद्मावतीला विचारलं.

"नको सर! साडेसाती लागेल."

कुतुबशाही होती उमाजीकडे. हा उमाजी म्हणजे नववीत मुरलेला गडी. त्याला आजचा वार विचारला तरी तो खिडकीबाहेर बघतो. पण त्याच्यावर कुणी चाल करीना, आणि तो ज्याच्याकडे वळे तो, प्रश्न विचारायच्या आतच, आपणहून राज्य सोडून देई! एकाही प्रश्नाचं उत्तर न देता उमाजीनं सगळी दक्खन घेतली, आणि शेवटी देवगिरीच्या कलशाशी कुतुबशाहीची सुपारी जाऊन टेकली.

"गोलकुंडा जीत गया!" मुर्तुजा साहेब खिडकीतून ओरडले. माणूस सात पिढ्यांचा हैदराबादी. लहान मुलासारख्या टाळ्या वाजवत होते!

मग शिरा वाटला गेला. साहेबांनी दोन्ही हात पुढे करून घेतला. मी उपरणं सावरत व्हरांड्यात गेलो. म्हटलं, आता सांगतो, हा खेळ माझा. पण साहेब एकनाथरावांशी बोलत होते, आणि साहेबांचं बोलणं तोडायचं नसतं.

"हेडमास्टर साब, आपके हिस्ट्री के मास्टर कमाल के हैं! वो, छड़ी वाले. चालू पूजा में बच्चों को हिस्ट्री खिला दिए, वो भी इतने अदब से! वही हैं ना हिस्ट्री के मास्टर?"

एकनाथरावांनी सूर्यभान सरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मला कळत होतं काय होणार आहे.

"जी हाँ," एकनाथराव म्हणाले.

"और ये महाराज? ये बाहर से बुलाए?"

एकनाथरावांच्या कपाळावर घाम आला. शाळेच्या वेळेत बाहेरून भटजी बोलावला म्हटलं तर अनुदानच गेलं! "जी नहीं..." ते चाचरले. जन्मात पहिल्यांदा 'नाही' म्हणाले, आणि तेही इथे! "ये अपने ही हैं, साब. ये... ड्रॉइंग मास्टर हैं."

"अच्छा! तो वो नक्शा इन्हीं का? क्या लकीर है, साब! गोदावरी तो ऐसी, के पाँव डुबोने को जी चाहे!"

"जी हाँ," एकनाथराव पुन्हा पूर्वपदावर आले.

मी सूर्यभान सरांकडे बघितलं. ते छडीच्या टोकाकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी बूट घातले, वर्गाकडे एकदा बघितलं. आत गल्लीभरची पोरं शिरा चाटत होती. "कौन बोलता बच्चे कम हैं? बैठने को जगा नहीं! दोनों पोस्ट रहने दो. हिस्ट्री भी, ड्रॉइंग भी. मगर जो मास्टर जिस काम का, उसको वहीं रखना. हम हर साल आके देखेंगे." आणि माझ्याकडे वळून वाकून म्हणाले, "खुदा हाफिज, महाराज."

साहेब दर साल येतात. शब्दाचे पक्के आहेत.

तर अशी गोष्ट. दोन्ही नोकऱ्या राहिल्या, देवाची कृपा, किंवा सूर्यभान सरांची. इतिहासाचे तास आता सूर्यभान सर घेतात, आणि झकास घेतात. दक्खनचा डाव ते नव्या सोंगट्या करून खेळवतात, कारण जुन्या नऊ सुपाऱ्या इंदुताईंनी त्याच दिवशी देव्हाऱ्यात नेल्या. उत्तरपूजेआधी हलल्या म्हणून त्यांची शांत करायची आहे, ती अजून व्हायची आहे. तोवर बहमनी सुलतानाला रोज सकाळी दुधानं अंघोळ असते.

मी चित्रकला शिकवतो. मी घरी सांगितलं तेव्हा जयवंता चुलीपाशी बसून इतकी हसली की पोळी जळली. पण दादाला मी मोठ्या दिमाखात निरोप धाडला, "नोकरी राहिली. बैल तुझे तुलाच लखलाभ."

आणि सोमवारी पहिल्याच तासाला वर्गात गेलो. चित्रकलेचा नेमून दिलेला अभ्यासक्रम उघडला. पहिला धडा, बैल.

मी खडू घेतला, देवाचं नाव घेतलं आणि फळ्यावर बैल काढला. उमाजी पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघायचं सोडून फळ्याकडे बघत होता.

"सर, शेळी छान आलीय," तो म्हणाला. "पण बसलीय का?"